दिशांची मर्यादा

मागच्या जून महिन्यात लेकीचा एडिंबरोहून फोन आला. "आई, वर्गातले आम्ही सातजण शनिवार-रविवार स्काय बेटावर चाललोय. चार मुली, तीन मुलं. गाडी भाड्यानं घेतली आहे. तुला सांगून ठेवते." जाऊ का, असं तिनं विचारलं नव्हतं, नुसतं सांगितलं होतं. मला लागलं ते तेच.

इथं बालाघाटात बसून आईचं मन कुठं कुठं जात नाही! राहतील कुठं, खातील काय, बरोबरची मुलं कशी असतील. तोंडून मात्र एवढंच निघालं, "आणि रात्रीच्या जेवणाचं काय?"

ती हसली. "अगं, इथं जूनमध्ये दहापर्यंत सूर्य असतो. साडेनऊला जेवले तरी दिवसाच जेवले! परीक्षा डिसेंबरात होती. पावणेचारच्या आत सूर्यास्त आणि पाचपर्यंत तास. तेव्हा दुपारीच डबा संपवायचे." डिसेंबरातली ही गोष्ट मला जूनमध्ये कळत होती. कुणी बघत नसताना पोरगी नियम पाळत होती आणि मी सूर्यास्ताची चौकशी करत होते.

मैत्रिणींनो, आपल्या श्रावकांच्या बारा व्रतांत दिग्व्रत आहे. या दिशेला इथपर्यंतच जाईन, पुढं नाही, अशी मर्यादा घालून घ्यायची. तेवढी हाव कमी, तेवढी हिंसा कमी. लहानपणापासून ऐकत आलेय, पण एक गोष्ट त्या दिवशी पहिल्यांदा मनात आली. ही मर्यादा ज्याची त्यानं घालून घ्यायची असते. दुसऱ्यानं घातली तर ते व्रत उरत नाही, ती नुसती अडवणूक होते. या व्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला एक म्हणजे स्वतः आखलेली मर्यादा विसरणं. ज्यानं ती आखलीच नाही, तो विसरणार तरी काय?

हे मला कळायला हवं होतं, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. कॉलेजात असताना वर्गाची सहल मुक्कीच्या बाजूनं कान्हाला निघाली होती. दादांनी नको म्हटलं. मी गोंदियाला मावशीकडं जाते म्हणून सांगितलं आणि सहलीला गेले. तिथं वावगं काहीच घडलं नाही. हरणं पाहिली, गाणी म्हटली, घरचाच डबा खाल्ला. पाप जे झालं ते घरातून निघतानाच झालं होतं. दादा गेले, पण ही गोष्ट त्यांना सांगायची राहूनच गेली. दर पर्युषणात क्षमा मागताना ती आठवते.

महात्मा गांधी 1888 साली विलायतेला निघाले, तेव्हा बेचरजी स्वामी या जैन साधूंसमोर त्यांनी मांस, मदिरा आणि स्त्रीसंग यांपासून दूर राहण्याची प्रतिज्ञा घेतली. ती त्यांनी पाळली. तरी ब्रायटनला ओळख झालेल्या एका वृद्ध बाईंपासून आपलं लग्न झाल्याचं त्यांनी लपवलंच. पुढं मन खाऊ लागलं, तेव्हा पत्र लिहून सगळं कबूल केलं. बाई रागावल्या नाहीत, हसल्या, आणि घरी येणं-जाणं तसंच चालू राहिलं. प्रतिज्ञेच्या यादीत नसलेली चूकही त्यांना टोचली, याचं मला मोठं वाटतं. पण ऐकणारी बाई तशी होती, हेही तेवढंच मोठं.

रविवारी रात्री पुन्हा फोन. "आई, एक सांगायचंय. काल दिवसभर पाऊस होता, दुसरं काही मिळेना. मी बटाटा खाल्ला."

कंदमूळ! जिभेवर दहा वाक्यं आली. म्हणूनच म्हणत होते, असं त्यातलं पहिलं. पण ते वाक्य मी बोलले असते, तर पुढच्या वेळी बटाटा खाल्ला गेला असता आणि फोन मात्र आला नसता. मी म्हटलं, "सांगितलंस ते बरं केलंस. पुढं काय करायचं, ते तूच ठरव."

पलीकडं ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पुढच्या वेळी थेपले करून नेईन. कृती सांग ना."

मी सांगितली. नियम तिचा आहे, तो सांभाळणंही तिचंच. लेकीला खरं बोलायची भीती वाटणार नाही असं घर ठेवणं, एवढं मात्र माझ्याकडं आहे. दादांना जे सांगता आलं नाही, ते आता मी तिला सांगणार आहे.