दोरी कोणी बांधली होती?

वडिलांची जुनी सायकल आम्ही भाच्याच्या मोटारीच्या टपावर बांधून पौडहून मुळशीला नेत होतो. तिच्यावरूनच ते आळंदीची वारी करीत. वाटेत खड्डा आला, दोरी सुटली, सायकल रस्त्यावर आपटून चाक वाकले. भाच्याला आम्ही नाही नाही ते बोललो. दोरी बांधली होती आम्हीच! तो एवढेच म्हणाला, “मामा, चुकलं.”

याच मुळशीत १९२१ साली सेनापती बापटांबरोबर शेतकरी धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. तिथे जमीन जाणूनबुजून बुडवली जात होती. तो संताप रास्तच. पण चुकून झालेल्या नुकसानीला तोच संताप कसा लावावा?

चाक दुकानात सरळ झाले. वारीत आपण लहानथोर न पाहता एकमेकांच्या पाया पडतो. भाच्याच्या दारी जायला मात्र आमचे पाऊल अजून उचलत नाही.