वाहिलेले केस, गळलेले केस

तिरुमलाहून मुंडन करून आलेल्या माणसाच्या तुळतुळीत डोक्याकडे पाहून कोणी हळहळत नाही. त्याच देवस्थानाच्या बालाजी मंदिराचं भूमिपूजन २०२३ मध्ये नवी मुंबईतल्या उलव्यात झालं. पण याच उलव्यात आमवाताच्या, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिसच्या गोळ्या घेणाऱ्या एखाद्या बाईच्या कंगव्यात मेथोट्रेक्सेटमुळे किंवा लेफ्लुनोमाइडमुळे केसांचा पुंजका आला, की घरभर धास्ती पसरते. गेले दोन्हीकडे केसच. मग एकाला पुण्य म्हणायचं आणि दुसऱ्याला नुकसान, हे कशावर ठरतं? माझ्या मते संमतीवर. १८९० मध्ये मुंबईच्या नाभिकांनी विधवांचं केशवपन न करण्याचा निर्धार केला, कामगार नेते नारायण मेघाजी लोखंडे त्यांच्या पाठीशी होते. त्या केशवपनालाही धर्माचंच नाव होतं. बाईला मात्र कोणी विचारलेलं नसे, म्हणून तो अन्याय.

औषधाने गळणाऱ्या केसांना, हायड्रॉक्सीक्लोरोक्विनने नडगीवर उमटणाऱ्या निळसर-काळ्या डागांना, स्टेरॉइडने पातळ होऊन जरा धक्का लागताच काळीनिळी पडणाऱ्या कातडीला हीच कसोटी लावावी. सांधे वाचवायचे तर ही किंमत बहुतेकदा रास्तच असते. पण जिने ती मोजायची तिला आधी कळायला हवी. यावर म्हटलं जातं, की आधी सांगितलं तर पेशंट घाबरून गोळी सोडतील आणि बोटं कायमची वाकडी होतील. भीती खोटी नाही. पण या आजारात मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. चुकून रोज घेतलं गेलं तर तोंडात फोड येतात, त्वचेवर जखमा होतात, जिवावरही बेततं. ही खूण ठाऊक नसलेली बाई ‘तोंड आलंय’ म्हणून बी-कॉम्प्लेक्स घेत बसते आणि दुसऱ्या दिवशीची गोळीही गिळते. न सांगण्यातली दया इथे अंगाशी येते. शिवाय केस बहुधा परत येतात, डोस कमी करता येतो, जोडीला फॉलिक ॲसिड असतं, हेही त्याच दमात सांगता येतंच की!

दुसरा आक्षेप जास्त अवघड आहे: दुखण्याने कोंडीत धरलेल्या माणसाची संमती ती कसली? पण नवसही अडल्यावेळीच बोलला जातो. गरजेपोटी बोलला म्हणून तो खोटा ठरत नाही. ‘तुम्हीच ठरवा, डॉक्टर’ म्हणणारीचा निर्णयही तिचाच, फक्त तो सगळं ऐकल्यावर घेतलेला हवा. आणि ऐकून तिने ते औषध नाकारलं, तर डॉक्टरांनी पुन्हा समजवावं, दुसरं सुचवावं. रूपाची काळजी करते म्हणून तिला उथळ ठरवू नये.