विसरणाऱ्या माणसाशी खरे कसे बोलावे?

"हे अजून आले कसे नाहीत?" दिवेलागणीला आमची आजी दाराकडे बघत विचारायची. आजोबांना जाऊन सहा वर्षे झाली होती. पहिल्यांदा मी तिला खरे काय ते सांगितले. बातमी आत्ताच कळावी तशी ती रडली. अर्ध्या तासाने तिने पुन्हा तेच विचारले. माझी बी.कॉम.ची परीक्षा तोंडावर होती. मी वैतागून म्हणालो, "किती वेळा सांगू?" तो क्षण आठवला की आजही मान खाली जाते.

आपल्या घरी असे कोणी असेल, तर आपल्यालाही हा प्रश्न पडला असेल: खरे सांगून रोज रडवायचे, की खोटे बोलून वेळ मारून न्यायची?

आधी आजार समजून घेऊ. डिमेन्शिया म्हणजे वयोमानाने होणारा साधा विसराळूपणा नव्हे. त्याचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार म्हणजे अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी त्याचे वर्णन १९०६ मध्ये केले. यात नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूच्या भागाला लवकर इजा होते. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण माहेरची विहीर आठवते. आजी मुद्दाम विचारत नव्हती. माझे उत्तर तिच्यापाशी टिकतच नव्हते. मात्र शब्द विसरले, तरी आपल्या चिडण्याने आलेली अस्वस्थता मागे उरू शकते.

गीतेच्या सतराव्या अध्यायात वाणीचे तप सांगितले आहे. बोलणे खरे असावे, तसेच ते उद्वेग न देणारे, प्रिय आणि हितकारकही असावे. मी फक्त 'खरे' एवढेच धरून ठेवले होते आणि बाकीचे सोडून दिले होते.

मग मार्ग कोणता? तो मला आईने दाखवला. आजीने विचारले की आई तिच्याजवळ बसायची आणि म्हणायची, "आठवण येतेय ना त्यांची? बाजारातून येताना काय आणायचे हो ते?" आजी खुलायची, गजऱ्याची गोष्ट सांगायची. आई खोटे काहीच बोलली नव्हती. तिने प्रश्नाच्या आत दडलेल्या ओढीला उत्तर दिले होते. माहिती देणे म्हणजेच सत्य, असे मी समजत होतो. समोरच्याच्या मनात आत्ता जे आहे ते ओळखणे, हेही सत्यच आहे.

हे रोज साधत नाही. कधी काहीच चालत नाही, आजी रात्रभर जागी राहते. अशा वेळी सेवा एकाच व्यक्तीवर, बहुधा घरातल्या सुनेवर, सोडून आपण तिच्या त्यागाचे कौतुक करत असू, तर ते कौतुक पोकळ आहे. वेळा वाटून घ्या. आम्ही तसे केले, आणि रात्रीचे दोन तास माझ्याकडे आले. डॉक्टरांनाही जरूर दाखवा. बी-१२ ची कमतरता किंवा थायरॉइडमुळे होणारे विस्मरण उपचाराने सुधारू शकते. ज्येष्ठांसाठी १४५६७ ही राष्ट्रीय हेल्पलाइनही आहे.

आज संध्याकाळी तोच प्रश्न चौथ्यांदा आला, तर एक श्वास घ्या, जवळ बसा, हात हातात घ्या आणि पहिल्यांदाच ऐकल्यासारखे उत्तर द्या. कारण त्यांनी तो पहिल्यांदाच विचारलेला असतो.