लहान नळीचा अभ्यास

मनुष्याच्या शीलाची खरी कसोटी मोठ्या प्रसंगी लागते, ही समजूत आपल्या मनात इतकी खोल रुजलेली आहे की, तिच्याविषयी शंका घेणाऱ्याकडेच आपण पुरावा मागतो. रोजच्या व्यवहारातील लहानसहान गोष्टी म्हणजे नाटकाच्या तालमी होत. तालमीत चुकले तर चुकले, प्रयोगाच्या रात्री सांभाळून घेऊ, असे आपण मनाशी म्हणत असतो. परंतु तालीम व प्रयोग यांतील हा भेद नीतीच्या क्षेत्रात टिकतो काय? लहान गोष्टीवर केलेला अभ्यास मोठ्या गोष्टीस कितपत पुरतो, आणि लहान गोष्टीतील चूक ही खरोखरच लहान असते काय? हा प्रश्न आमच्या मनात ज्या वस्तूमुळे उभा राहिला, ती वाङ्मयीन मासिकाच्या पृष्ठावर वाचकांस थोडी अपरिचित वाटेल. ती वस्तू म्हणजे लहान नळीची, ‘पॉइंट टू टू’ या नावाने ओळखली जाणारी रायफल होय.

या रायफलीच्या नळीचा व्यास एक इंचाच्या पाव भागाहूनही कमी असतो. तिचे आज सर्वत्र प्रचलित असलेले काडतूस अमेरिकेत १८८७ साली निघाले. बोअर युद्धात दूरवर अचूक नेम धरणाऱ्या शेतकऱ्यांनी ब्रिटिश सैन्यास जेरीस आणले, तेव्हा इंग्लंडातील विचारी लोकांस आपल्या सामान्य नागरिकाचा हात व डोळा किती अशिक्षित आहे याची जाणीव झाली. पण गिरणीत व गोदीत राबणाऱ्या मजुरास लांब पल्ल्याची चांदमारी कोठून परवडावी? मोठे काडतूस महाग, मैदान शहरापासून दूर, आणि रविवारखेरीज सवड नाही. यावर तोड म्हणून १९०१ साली कामकरी लोकांच्या रायफल मंडळांची एक संस्था निघाली. कंदाहारच्या स्वारीमुळे आपल्याकडेही ज्यांचे नाव ठाऊक आहे, त्या लॉर्ड रॉबर्ट्स यांनी या चळवळीस आपले वजन दिले. एखाद्या लांबट खोलीत, २५ यार्डांवर कागदी निशाण टांगून, अल्प खर्चात नेमबाजी शिकण्याची सोय अशा रीतीने झाली. अलीकडे अमेरिकेत याच्या पुढचे पाऊल पडले आहे. सहासातशे यार्डांवरचा नेम शिकू इच्छिणारे लोक याच लहान रायफलीने शंभर, दोनशे यार्डांवर अभ्यास करतात. कारण तिचे काडतूस कित्येक पटींनी स्वस्त पडते व मैदानही लहान पुरते.

येथपर्यंत वाचून कोणीही म्हणेल की, ही गरिबाची सोय झाली; खऱ्याच्या जागी खोट्याने भागविणे झाले. आमचाही प्रथम तसाच ग्रह होता. परंतु या विद्येचा थोडा विचार केल्यावर तो पार बदलला. लहान गोळीचे वजन सुमारे चाळीस ग्रेन, आणि निशाणबाजीसाठी वापरतात त्या जातीच्या गोळीचा आरंभीचा वेग सेकंदास अकराशे फुटांच्या आत, म्हणजे ध्वनीच्या वेगाहून थोडा कमीच असतो. शंभर यार्ड जाण्यास तिला सेकंदाचा जवळजवळ तिसरा हिस्सा लागतो. तेवढ्या वेळात पृथ्वी तिला खाली ओढते व वारा बाजूस ढकलतो. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर शंभर यार्डांवर ती सुमारे चार इंच सरकते. आणि अंतर दुप्पट केले तर ही चूक दुप्पट न होता तिपटीहूनही अधिक होते. दोनशे यार्डांवर या गोळीसाठी नेम जितका वर उचलावा लागतो, तितका मोठ्या रायफलीस त्याहून कितीतरी लांब पल्ल्यावर लागतो. म्हणूनच हा अभ्यास खरा ठरतो. जी अडचण मोठ्या रायफलीस फार दूरवर भेटते, तीच अडचण लहान रायफल आपल्या जवळ आणून ठेवते.

आणखी एक गोष्ट आहे. गोळी मंद असल्यामुळे चाप ओढल्यानंतर ती नळीतून बाहेर पडण्यासही मोठ्या गोळीपेक्षा अधिक वेळ लागतो. तेवढ्या क्षणात नेमबाजाचा खांदा हलला किंवा डोके वर झाले, तर ती चूक कागदावर उमटते. अल्प साधन क्षमाशील असते ही समजूत येथे खोटी पडते. कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्नील कुसाळे याने २०२४ साली पॅरिसच्या ऑलिम्पिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले, ते याच लहान नळीच्या रायफलीने. त्या स्पर्धेत ५० मीटरांवरील निशाणाचे सर्वांत मोलाचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. याला तालीम म्हणावयाचे असेल, तर प्रयोग कशास म्हणावे हे सांगणे कठीण आहे.

तथापि विरुद्ध पक्षाचेही म्हणणे ऐकले पाहिजे. लहान रायफल खांद्यास धक्का देत नाही. मोठ्या रायफलीचा धक्का व आवाज यांच्या धास्तीने माणूस चाप ओढण्यापूर्वीच आक्रसतो. ही धास्ती जिंकण्याचे शिक्षण लहान रायफल देऊ शकत नाही. त्याचप्रमाणे पानवाल्यास जास्तीची आलेली मोड परत करणाऱ्या मनुष्याने नोकरी जाण्याचा प्रसंग आला असताही खरे बोलावे, याची हमी कोण देणार? कोणीही नाही. एवढे मान्य करावयास आम्ही तयार आहो. स्वस्ताईचा धोकाही खरा आहे; काडतुसे मुबलक झाली की माणूस विचार न करता ती उडवू लागतो, आणि मग अभ्यास चुकीचाच होतो. परंतु यावरून लहान गोष्टींस नैतिक मोल नाही, असा जो निष्कर्ष काढण्यात येतो तो मात्र आम्हांस मान्य नाही, आणि त्याचे कारण आमच्या स्वतःच्या अनुभवात आहे.

कॉलेजात असताना आम्ही एन.सी.सी.त होतो. वर्षातून एकदा चांदमारीवर नेत, आणि प्रत्येकास पाच गोळ्या मिळत. पंचवीस यार्डांवर आम्ही पालथे पडून त्या पाच गोळ्या झाडल्या. त्यांपैकी दोन वेळा डोळे मिटले गेले, आणि दोन्ही वेळा निशाणाखालच्या बांधातून माती उडालेली आम्ही स्पष्ट पाहिली. तरीही कागद आणले तेव्हा आमच्या कागदावर पाच छिद्रे होती, व शेजारच्या मुलाच्या कागदावर तीन. त्याने आपल्या दोन गोळ्या चुकून आमच्या निशाणावर मारल्या होत्या. आमची शाबासकी झाली, आमचे नाव संघात गेले, आणि आमच्याहून पुष्कळ चांगला नेमबाज असलेला तो मुलगा मागे राहिला. आम्ही बोललो नाही. हा तर सराव, यात काय मोठेसे, असे त्या वेळी मनास समजाविले.

पुढे वीसेक वर्षांनी एका निवड समितीवर बसण्याचा योग आला. एका उमेदवाराच्या नावावर दुसऱ्याचे लेखन कारकुनी चुकीने जमा झालेले आमच्या ध्यानात आले. निवडला जाणारा गृहस्थ वजनदार मंडळींच्या मर्जीतला होता. आम्ही पुन्हा बोललो नाही. घरी परतताना आम्हांस जाणवले की, हे मौन आमच्या परिचयाचे होते. शब्द ओठांवर येणे, क्षणभर थांबणे, आणि कागदाकडे पाहत राहणे, हा सर्व क्रम आम्ही पूर्वीच एकदा पार पाडला होता. मोठ्या प्रसंगाच्या धक्क्याने आम्ही दचकलो नाही. आम्ही जे शिकलो होतो तेच केले.

म्हणून आमचे मत असे झाले आहे की, या दोन पारड्यांचे वजन सारखे नाही. लहान गोष्टीतील यश हे मोठ्या गोष्टीतील यशाचे तारण नव्हे. परंतु लहान गोष्टीतील अपयश हे अपयशच होय. त्या पंचवीस यार्डांवर आम्ही केलेला अभ्यास खोटा नव्हता, तो पूर्णपणे खरा होता. फक्त तो नेमबाजीचा नव्हता. जो मुलगा मागे राहिला त्याचे पुढे काय झाले, याची चौकशी आम्ही अद्यापि केलेली नाही. तेवढी चौकशी करणे हीही एक लहानशीच गोष्ट आहे.