जपलेले द्यावे कसे?

वाचक माउली, एक प्रश्न आज आपल्यापुढे ठेवतो. जी वस्तू माणसाने चाळीस वर्षे जिवापाड जपली, ती उतारवयात विकावी काय? आणि विकली, तर इतके दिवसांचे ते प्रेम खोटे ठरते काय? दृष्टांतासाठी दूरच्या जपान देशातली वस्तू घेऊ. ज्या वस्तूत आपला जीव गुंतलेला नाही, तिच्याविषयी विचार निवांतपणे करता येतो.

जपानी तलवारीची मूठ आणि पाते यांच्यामध्ये धातूची एक चकती असते. तिला त्सुबा म्हणतात. हात पात्यावर घसरू नये, एवढे तिचे काम. पण कारागिरांनी त्या तळहातात मावणाऱ्या चकतीवर बगळे, लाटा, पाऊस, मोहोर असे सगळे जग कोरले. कोणी साधे लोखंड घेतले, कोणी तांब्यात थोडे सोने मिसळून शाकुदो नावाचा काळाभोर धातू केला. मुठीच्या गुंडाळीत बसवायच्या चिमुकल्या आकृत्या म्हणजे मेनुकी, म्यानाच्या कडेला राहणाऱ्या छोट्या सुरीची नक्षीदार मूठ म्हणजे कोझुका. गोतो घराण्याने तर पिढ्यान्‌पिढ्या हेच काम केले. पुढे 1876 साली सरकारने सामान्यांना तलवार बाळगून हिंडण्यास बंदी केली. कारागिरांचा धंदा बसला. अनेकजण फुलदाण्या आणि डब्या घडवू लागले. तलवारींचे सुटे साज बाजारात आले आणि देशोदेशींच्या शौकिनांनी ते जमवले.

आता असा एक संग्राहक मनात आणा. वय पंचाहत्तर. कपाटाच्या खणांत शंभर त्सुबा. नजर मंदावली आहे, मुलांना त्यात गोडी नाही. त्याने काय करावे?

पहिली शंका अशी येईल की, प्रेमाच्या वस्तूचे पैसे करणे हा तिचा द्रोह आहे. याचे उत्तर त्सुबाच्याच अंगावर लिहिले आहे. तिच्या मधोमध पात्यासाठी एक भोक असते. त्याच्या वरच्या-खालच्या टोकाला पुष्कळदा तांब्याचे लहान तुकडे ठोकलेले दिसतात. चकती एका तलवारीवरून दुसरीवर गेली, नवे पाते सैल बसू लागले, की असे तुकडे घालून ते घट्ट करीत. म्हणजे ही वस्तू हात बदलतच आली आहे. आपल्या संग्राहकाच्या आधी तिला धनी होते, नंतरही होतील. जी वस्तू कोणा एकाची कधीच नव्हती, ती पुढे जाऊ देण्यात द्रोह कसला?

दुसरी शंका. मग विकायची कशाला? संग्रहालयाला दान का करू नये? दोन्ही वाटांनी मोठी माणसे गेली आहेत. अमेरिकेतले विल्यम स्टर्जिस बिगेलो काही वर्षे जपानात राहिले आणि आपला प्रचंड संग्रह त्यांनी बोस्टनच्या संग्रहालयाला दिला. फ्रान्सचे लेखक एदमों द गाँकूर 1896 साली वारले. आपल्या वस्तू संग्रहालयाच्या थंड थडग्यात पडू नयेत, लिलावात विकल्या जाऊन आपल्यासारखीच आवड असणाऱ्यांना त्या मिळवण्याचा आनंद लाभावा, अशी इच्छा त्यांनी मृत्युपत्रात नोंदवली. त्याप्रमाणे पुढल्या वर्षी त्यांच्या जपानी वस्तू विकल्या गेल्या. दोघांपैकी चूक कोण? माझ्या मते कोणीच नाही. दान करणाऱ्याने वस्तू सर्वांच्या डोळ्यांना दिली, विकणाऱ्याने ती रसिकाच्या हाताला दिली. योग्य किंमत घेण्यातही पाप नाही. ज्याने पदरचे मोजले, तो सहसा वस्तू सांभाळतो.

मात्र माउली, खरा प्रश्न याच्या पुढे आहे. विकायचे ते जिवंतपणी की मागे राहिलेल्यांनी? येथे माझे मत ठाम आहे. जिवंतपणीच.

कारण वस्तूबरोबर तिचे ज्ञानही द्यावे लागते, आणि ते त्या म्हाताऱ्याच्याच जवळ असते. लांब आणि आखूड अशा दोन तलवारींसाठी एकत्र घडवलेली जोडी कोणती, हे त्याला ठाऊक आहे. मुलाला त्या दोन सुट्या चकत्या वाटतील आणि जोडी कायमची फुटेल. लोखंडावरची जुनी काळसर झाक घासून चकचकीत करायची नसते, हेही त्याला ठाऊक आहे. सुनेने प्रेमाने पॉलिश लावले, तर दोन-तीनशे वर्षांचे रूप एका दुपारी जाईल. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे खोट्या सह्या. नामांकित कारागिरांची नावे दुसऱ्यांच्या कामावर कोरण्याचा प्रकार फार जुना. एखाद्या चकतीवर मोठे नाव आहे, पण ते खरे नसावे असे संग्राहकाला वर्षानुवर्षे वाटत आले आहे. तो बोलला नाही तर गिऱ्हाईक दुप्पट पैसे देईल. येथे प्रेमाची परीक्षा होते. वस्तूवर प्रेम असेल तर तिच्याविषयी खोटे कसे बोलवेल? “ही सही मला संशयास्पद वाटते,” एवढे वाक्य त्याने उच्चारले पाहिजे. त्याच्या मागे ते उच्चारणारा कोणी नसेल.

कोणी म्हणेल, हे सगळे खरे, पण खण रिकामा झाल्यावर मन हळहळेल त्याचे काय? हळहळू द्यावे. चाळीस वर्षे जो हात रोज त्या खणाकडे गेला, तो सवयीने पुन्हा जाईलच. त्या दुःखाची लाज बाळगायचे कारण नाही. वस्तू गेली तरी तिने शिकवलेली नजर जात नाही. लोखंडातला पाऊस ज्याने पाहिला, तो दारातला पाऊसही अधिक बारकाईने पाहतो.

आणि एखादी वस्तू जवळ ठेवावीशी वाटली तर? खुशाल ठेवावी. फक्त तिच्या डबीत एक चिठ्ठी घालावी: ही काय आहे, कशी सांभाळावी आणि माझ्यानंतर कोणाकडे द्यावी. आपल्याही घरात असे काही असेल, तर ती चिठ्ठी आजच लिहावी.