नाव बदललं की वस्तू बदलते?

जालन्यात आम्ही स्प्रिंग ५ वरचं ॲप टॉमकॅट १० वर चढवलं. सर्व्हर सुरू झाला, पण प्रत्येक पानावर ४०४. दोष दोघांतही नव्हता, घोळ नावाचा होता. २०१७ मध्ये ऑरॅकलनं जावा ईई एक्लिप्स फाउंडेशनकडे सोपवायचं ठरवलं. पुढच्या बदलांसाठी 'जावाएक्स' नाव वापरायची मुभा मात्र दिली नाही. म्हणून 'जकार्ता' आलं. सर्व्हलेटचं काम तेच, तरी आमच्या ॲपमधल्या जुन्या 'जावाएक्स' नावाच्या सर्व्हलेटला टॉमकॅट १० ओळखेना. टॉमकॅट ९ वर तेच ॲप बिनतक्रार चाललं.

यंत्रासाठी नाव हीच ओळख. माणसाचं तसं नाही. आमच्याच जिल्ह्यात जांब गावी १६०८ साली जन्मलेला नारायण पुढे रामदास झाला. आत्मा तोच राहिला, असं वेदान्त सांगेल. मला ते मनापासून पटतं. पण नामरूप मिथ्या म्हणून व्यवहार टळत नाही. समोरच्याला कळेल त्या नावानं हाक मारणं, हाही धर्मच.