शेजारधर्म यंत्राकडे सोपवितां येईल काय?

हृदयाचा झटका येऊन गेलेला मनुष्य रुग्णालयांतून घरीं परतला म्हणजे दुखणें संपलें असें घरच्यांस वाटतें. वस्तुतः खऱ्या परिश्रमास त्या दिवशीं आरंभ होतो. नेमानें औषध घेणें, चालणें हळूहळू वाढविणें, मीठ कमी करणें, तंबाखू सोडणें व मनांतील भीति घालविणें, ह्या सर्वांस मिळून हृदयरोग्याचें पुनर्वसन म्हणतात. पण भामरागडच्या वा सिरोंच्याच्या मनुष्यानें त्यासाठीं वारंवार नागपुरास जावें कसें? म्हणून हें काम मोबाईल फोनवरील ॲपकडे सोपवावें, असें पुष्कळांचें मत आहे.

ह्या मतांत तथ्य आहे. ऑस्ट्रेलियांतील सिडनी येथें ७१० हृदयरोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०१५ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांस सहा महिने, आठवड्यास चार, असे साधे संदेश फोनवर मिळाले, त्यांचा रक्तदाब व रक्तांतील अपायकारक चरबी इतरांहून कमी आढळली, आणि त्यांच्यांत धूम्रपानही घटलें. इतक्या अल्प खर्चांत लाभ होत असेल, तर यंत्राचा तिरस्कार करणें शहाणपणाचें नाहीं.

हे रोग शहरांतील श्रीमंतांचे, असेंही कोणीं म्हणूं नये. गडचिरोलीच्या सर्च संस्थेनें ८६ खेड्यांतील मृत्यूंची पाहणी केली. २०१५ च्या तिच्या वृत्तांताप्रमाणें पक्षाघात हेंच मृत्यूचें पहिलें कारण ठरलें. सातांत सुमारें एक मृत्यु त्याचा होता. पक्षाघात व हृदयविकार दोन्ही रक्तदाब आणि तंबाखू ह्यांच्या आश्रयानें वाढतात.

परंतु फोन बहुधा मुलाच्या खिशांत असतो, आणि मुलगा कामास गेला कीं आठवणही त्याच्याबरोबर जाते. माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्यास मराठी अक्षरांचा काय उपयोग? फोन गोळीची आठवण देईल, पण संपलेली गोळी आरोग्य केंद्रांतून आणून देणार नाहीं. तो खर्रा खाऊं नका म्हणेल. पण पुडी पुढें करणारे आपणच असलों तर? ह्याहून मोठें भय निराळेंच आहे. संदेश पाठविला, आमचें कर्तव्य झालें, आतां दोष रोग्याचा, असें म्हणावयास आपण शिकूं.

डॉ. अभय व डॉ. राणी बंग ह्यांच्या सर्च संस्थेनेंच ३९ गांवांत गांवच्या स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा करविली. १९९९ च्या वृत्तांताप्रमाणें तेथील नवजात बालकांचे मृत्यु तुलनेच्या गांवांहून ६२ टक्क्यांनीं घटले. त्या स्त्रियांजवळ साधनें होतीं. परंतु तीं घेऊन दारीं येणारें मनुष्य गांवचें होतें.

तेव्हां यंत्रास निरोप्या करावें, शेजारी करूं नये. ज्यास वाचतां येतें त्यानें संदेश रोग्याच्या बोलींत समजावून सांगावा. सकाळीं त्याच्याबरोबर चार पावलें चालावें. बाजारास जातांना त्याच्या गोळ्या आणाव्या, आणि त्याच्यासमोर खर्रा काढूं नये. छातींत दुखूं लागल्यास मात्र फोनच्या सल्ल्याची वाट न पाहतां १०८ ची गाडी बोलवावी, व ती येईपर्यंत त्यास एकटें सोडूं नये. आठवण देणें यंत्रास साधेल. सोबत करणें आपल्याकडेच राहील.